दोन उभ्या काठ्या

३ मार्च

आत्या,

नमस्कार. आशीर्वाद मागाहून दे, आधी पत्र शेवटपर्यंत वाच. पहिली ओळ वाचून निकाल द्यायची तुझी सवय तुझ्या बालवर्गातल्या पोरांनाही ठाऊक होती, मी तर घरचीच.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. तू स्वयंपाकघरात दार लोटून माझ्याशी कुजबुजलीस तरी बाबांना पलीकडच्या खोलीत ऐकू जातं. झटक्याने त्यांची वाचा गेली, अक्षरओळख गेली, कान मात्र शाबूत आहेत. उभा जन्म टेपरेकॉर्डर दुरुस्त केलेला माणूस! एखाद्या यंत्राचा पट्टा सैल झालाय, हे रस्त्यापलीकडून ओळखायचे. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी, जणू ते घरात नाहीतच असं बोलायचं मला जमत नाही.

सोबतच्या पुडक्यात माझा जुना फोन आहे. त्यात मी बाबांसाठी एक ॲप केलंय. उघडलं की मोठाली बटणं दिसतील. एखादं दाबलं की फोन माझ्या आवाजात बोलेल, ‘पाणी हवंय’, ‘पाठ दुखतेय’, ‘खिडकी उघडा’. उजवा हात चालत नाही म्हणून बटणं ऐसपैस ठेवलीत, डाव्या हाताचं बोट कुठेही टेकलं तरी लागू पडेल. वाचता येत नाही म्हणून बटणांवर अक्षरं नाहीत, फक्त चित्रं आहेत.

आणि चित्रं माझ्या हातची आहेत बरं का! ऑफिसात आम्ही फोनमध्ये आधीपासूनच भरलेली तयार चित्रं वापरतो. घर, भिंग, कचऱ्याचा डबा, शेकडो असतात. बटण आपण बनवायचं, त्याला चित्राचं नुसतं नाव सांगायचं, की चित्र हजर. पण बाबांसाठी तसलं तयार काही नको वाटलं. पाण्याच्या बटणावर आपला कड चेपलेला पेला आहे, बसण्याच्या बटणावर दुकानातलं तीन पायांचं स्टूल. ते ओळखतील आणि मनातल्या मनात माझ्या चित्रकलेला नावं ठेवतील.

आता बाबांना संस्थेत ठेवायचं म्हणतेस, त्याचं. त्यांना काय हवंय ते कळत नाही, तू एकटी किती पुरणार, तिथे निदान माणसं आहेत, हे तुझं म्हणणं मला पटतं. पण महिनाअखेरपर्यंत थांब. बाबा एकदा बोलायला लागले, कसेही, तर त्यांना घर सोडावं लागणार नाही. माझी शिल्लक रजा मी त्यांच्या आजारपणात संपवली, नाहीतर स्वतःच येऊन बसले असते.

तुझी,
भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद. शेवटपर्यंत वाचलं, दोनदा वाचलं, खूश?

फोन पोचला. तुझ्या वडिलांनी तो पाहिला आणि बाजूला सारला. मी म्हटलं, असा कसा सारतोस, पोरीने डोळे फोडून केलंय. मग मी शिस्तीत शिकवायला बसले. "हा काय आहे? पेला. पेला कशाला? पाण्याला. ठेव बोट." मी आयुष्यभर चार-चार वर्षांची पोरं हाताळली, हे साठीतलं पोर मला जड जाईल असं वाटलं नव्हतं. त्याने डोळे मिटून घेतले. वर्गात हे कुणी केलं असतं तर कोपऱ्यात उभं केलं असतं. ह्याला उभाच करता येत नाही, हीच तर रड आहे.

राग मानू नकोस, पण तुझा पेला मलाही बादली वाटला. आणि ते स्टूल आहे हे तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं, मी त्याला ‘मांजर’ म्हणून शिकवत होते. चेपलेली कड, वाकलेला पाय, हे सगळं तुला घरी बसून आठवतं, तिथे पडद्यावर ते रेघोट्यांचं गिचमिड दिसतं. काल त्याने फोन उचलून भाज्यांच्या टोपलीत टाकला. नेम चांगला आहे अजून.

त्याला काहीतरी हवं असतं, भिंगरे. हवं असतं आणि मला कळत नाही. मी पाणी देते, तो मान फिरवतो. चादर देते, ढकलतो. मग डावी मूठ पलंगावर आपटत राहतो. धाकटा भाऊ आहे माझा, आणि मी त्याच्यासमोर ठोंब्यासारखी उभी.

संस्थेच्या व्यवस्थापक बाईंना महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलंय. जागा राखून ठेवतो म्हणाल्या, पण कायमची नाही.

अक्षर वाकडं आलंय, पेन बरं नाही.

तुझी आत्या

१५ मार्च

आत्या,

पेन बरं नाही की तुला बरं नाही? तुझं अक्षर फळ्यावरच्या सुविचारासारखं असतं, पेन कुठलंही असो. काय झालंय ते पुढच्या पत्रात लिही.

‘मांजर’ वाचून मी ऑफिसात एकटीच हसत बसले. माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसतात, आम्ही त्यांना पंतोजी म्हणतो. त्यांना चित्रं दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "ही तुमची चित्रं तुमच्या वडिलांनी नव्याने शिकायची. त्यापेक्षा त्यांच्या डोळ्यांना ठाऊक असलेली द्या की. फोनमध्ये ती फुकट पडलीयेत." मला झोंबलं, कारण गिऱ्हाइकांना मी स्वतः हेच सांगते. परक्याला सांगायला जीभ सैल, आपल्या माणसापुढे आपला शहाणपणा आडवा येतो.

तर सगळी चित्रं काढून टाकली. आता बटणं माझीच, पण चित्रं फोनची. पाण्याला थेंब, झोपायला पलंग, उजेडाला सूर्य. ठसठशीत आहेत, बोट लागलं की बटण मंद होतं आणि फोन किंचित थरथरतो, म्हणजे दाबलं गेल्याची खूण पटते. फोन शेजारच्या शिंपीणबाईंच्या वायफायला लागलेला असू दे, नवीन ॲप आपोआप येईल.

खालच्या ओळीतली बटणं बाबांसाठी नाहीत, ती तुझ्या सोयीची. मी एक लांब निरोप भरून ठेवलाय, तो त्रिकोणाने सुरू होतो, दोन उभ्या काठ्यांनी थांबतो, डावीकडे तोंड केलेल्या दोन त्रिकोणांनी मागे जातो, चौकोनाने बंद होतो. लाल ठिपका दाबलास तर तुझा आवाज भरता येईल. आणि वरच्या ओळीत शेवटी एक चौकट आहे, तिच्यातून वर बाण निघालाय. हल्ली फोनमध्ये त्याचा अर्थ ‘पाठवा’. ते दाबलं की ‘भिंगरीला निरोप’ असं ऐकू येईल आणि माझ्या फोनवर एक घंटी वाजेल. बाबांना माझी आठवण आली तर.

भिंगरी

२० मार्च

आत्या,

तुझ्या उत्तराची वाट पाहायला धीर नाही, म्हणून हे चार ओळींचं पत्र.

घंटी वाजतेय! रोज उजाडताना वाजतेय! एकदा नाही, लागोपाठ चारचार वेळा. मी अंथरुणातच उठून बसते आणि फोन हातात धरून ठेवते. लहानपणी मला सकाळी उठवायला बाबाच यायचे, तीच वेळ. परवा ऑफिसात मधल्या सुट्टीत मी सगळ्यांना तो फोन दाखवला. पंतोजींनी तर टाळ्या वाजवल्या.

आत्या, ते माझी आठवण काढताहेत. आता संस्थेचं नाव काढू नकोस हं.

भिंगरी

२४ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण तुझा आनंद मोडायला हात धजेना. पण खोटं लिहायला मी शिकले नाही, आणि आता वयही नाही.

आठवण काढत असेल तो, नाही म्हणत नाही. मला दिसतं ते सांगते. पहाट झाली की तो चौकटीतून निघालेला बाण दाबतो. फोन म्हणतो, ‘भिंगरीला निरोप’. मी म्हणते, "गेला हो निरोप, शहाणा माझा." तो माझ्याकडे असा बघतो की जाळून टाकेल. पुन्हा दाबतो. मी पुन्हा शाबासकी देते. मग मूठ आपटणं. आणि थोड्या वेळाने मला चादर बदलावी लागते. आठवण काढल्यावर माणूस एवढा का चिडेल, तूच सांग.

तुझा थेंब आणि सूर्य तो वापरतो कधीमधी, तेवढं खरं. पण दिवसभर त्याचं बोट खालच्या ओळीत. माझ्या सोयीची म्हणालीस ना ती? मला एकदाही मिळाली नाहीत. त्याला अंग पुसायला घेतलं, मी जरा घाईत होते, त्याने दोन काठ्या दाबल्या. मी शिंपीणबाईंपाशी त्याचं गाऱ्हाणं सांगत होते, दोन काठ्या. डॉक्टरांशी संस्थेबद्दल बोलत होते, तेव्हा तर काठ्यांवरून बोट काढलं नाही. तुझा आवाज चालू नसताना थांबवायचं तरी काय! दुपारी मी शाळेतल्या गमती सांगत बसते, त्या संपल्या की डावीकडचे दोन त्रिकोण दाबतो. मी दाबून बघितलं, काही होत नाही. परवा खिडकीत कुठला तरी पक्षी ओरडत होता, तर लाल ठिपका दाबला आणि मी भांडं आपटलं म्हणून माझ्यावर डोळे वटारले.

डॉक्टर म्हणाले, हे बोलणं नव्हे, हाताला चाळा आहे. मलाही तसंच वाटतं. भिंगरे, मी दमले. माझं अक्षर का वाकडं आलं ते विचारलंस. त्याला उठवताना पाय सरकला, मनगट दुखावलं. मोडलं नाही. पण पुढच्या वेळी दोघंही पडू. व्यवस्थापक बाई एक तारखेला त्याला बघायला येताहेत. मी हो म्हटलंय.

माझ्यावर रागावू नकोस.

आत्या

२७ मार्च

आत्या,

आधी हात शेकत जा. आणि हे पत्र पोचताच बाबांपाशी बस, मोठ्याने वाच, त्यांच्यादेखत वाच. लपवायचं काही उरलं नाही. आपण सगळे मूर्ख आहोत आणि ते दहा-बारा दिवस बोलताहेत!

तू लग्न होऊन दूर गेलीस, आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत राहिली नाहीस, म्हणून तुला माहीत नाही. पण मी? मी त्या काउंटरखाली वाढले. मला कळू नये?

आमच्याकडे दिवसभर टेप वाजायचे आणि बाबांचा कान यंत्राला लागलेला असायचा. बोललेलं त्यांना चालायचं नाही. म्हणून आई होती तेव्हा आम्ही तिघं हातांनी बोलायचो. दोन बोटं उभी केली की ‘थांब’. आई रागाने बोलत सुटली की ते हातातला पेचकस न सोडता दोन बोटं उभी करायचे, आणि आईला हसू यायचं. दोन बोटं डावीकडे हलवली की ‘मागे जा, पुन्हा सांग’. मी शाळेतून येऊन काही सांगितलं आणि त्यांना आवडलं, की ती बोटं हलायची, आणि मी सगळं पहिल्यापासून सांगायची. कुणी गायला लागलं, पाखरू ओरडलं, की ते मुठीचा गोल करून दाखवायचे. म्हणजे लाल बटण दाबलंय, गप्प बसा, हे जपून ठेवायचंय.

आत्या, ही फोनमधली चित्रं कुणी नव्याने शोधलेली नाहीत. टेपरेकॉर्डरवरून ती तशीच उचलून फोनमध्ये ठेवलीत. मी रोज ती बटणांवर बसवते, आणि ती आमच्या घरची भाषा आहे हे मला एकदाही दिसलं नाही. मी बाबांसाठी पेले आणि स्टुलं काढत बसले.

आणि आता तो बाण. कॅसेट बाहेर काढायचं एक बटण असायचं, त्यावर वर तोंड केलेला त्रिकोण आणि खाली रेघ. सकाळी मी उठले नाही की बाबा माझ्या टाचेवर अंगठा दाबायचे, "खट्! कॅसेट बाहेर!" आणि मला उचलून उभी करायचे. चौकटीतून वर निघालेला बाण त्यांनी पाहिला आणि त्यांना वाटलं, हेच ते. ते रोज पहाटे तुला सांगताहेत, मला उठव, बाथरूमला जायचंय.

म्हणजे ज्या घंटीने मी गहिवरले, जिला पंतोजींनी टाळ्या वाजवल्या, तिचा अर्थ हा होता. मला हसूही येतंय आणि रडूही. खरं सांगू, रडू जास्त. मी त्यांना आठवते की नाही, हे मला अजून माहीतच नाही.

नवीन ॲप पाठवलंय. टेपची सगळी चित्रं आता मोठी, वरच्या ओळीत. दोन काठ्या म्हणजे ‘थांबा जरा’. मागचे त्रिकोण, ‘पुन्हा सांगा’. त्रिकोण आणि रेघ, ‘मला उठवा’. सगळी फोनमध्ये तयार होती, नुसती नावं सांगावी लागली. चौकोनही ठेवलाय. बाबा म्हणायचे, "दोन काठ्या म्हणजे थांबलंय, चौकोन म्हणजे संपलं. दोन्हींत गोंधळ करायचा नाही." त्याला मी ‘हा विषय संपला’ असा आवाज दिलाय. लाल ठिपक्याने आवाज भरला जाईल. आणि अगदी शेवटी एक लिफाफा आहे, तो माझा. भरलेलं त्यातून माझ्याकडे येईल. पण आत्या, तुला माझी शपथ, त्यांचं बोट धरून तो दाबायचा नाही.

भिंगरी

९ एप्रिल

चि. भिंगरी,

आशीर्वाद, आणि हे पत्र मी त्याच्या शेजारी बसून, मोठ्याने म्हणत लिहितेय. काही चुकलं तर तो थांबवतो.

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. ‘खट्! कॅसेट बाहेर!’ला तो रडला. मीही रडले. मग त्याने मागचे दोन त्रिकोण दाबले, म्हणून पुन्हा वाचलं. पुन्हा रडलो. तिसऱ्यांदा दाबले तेव्हा मी म्हटलं, आता पुरे, जेवायचंय.

एक तारखेला व्यवस्थापक बाई आल्या. वाईट नाहीत गं, पण खुर्चीत बसल्या आणि त्याच्या डोक्यावरून मला विचारू लागल्या. "यांना भरवावं लागतं का? यांना बोललेलं कळतं का?" फोन म्हणाला, ‘थांबा जरा.’ बाईंना वाटलं कुणाचा तरी फोन वाजला. त्या पुढे बोलत राहिल्या. ‘थांबा जरा.’ भिंगरे, दोन आठवडे मी नेमकं हेच केलं होतं, ते मला त्या खुर्चीत बसलेलं दिसलं. मी दोन बोटं उभी केली आणि वर्गातल्या आवाजात म्हटलं, "थांबा. तो बोलतोय."

मी त्याच्याकडे वळले. "धाकट्या, तुला तिकडे जायचंय का?" इतके दिवस हे मी सगळ्यांना विचारलं होतं, त्याला सोडून. त्याचं बोट सगळ्या ओळींवरून फिरलं आणि चौकोनावर टेकलं. ‘हा विषय संपला.’ बाईंनी पर्स उचलली. जाताना त्याला नमस्कार केला, मला नाही.

आता माझंही ऐकून घे. पहाटे त्याला उठवायला एक निवृत्त परिचारिका येते, दोन घरं सोडून राहते, दंडाला बळकट आहे. तो त्रिकोण दाबतो, ती उठवते, चादर कोरडी. एवढी साधी गोष्ट होती.

दुपारी त्याचं एकच, मागे जा, पुन्हा सांग. मी दुकानाचं सांगितलं, तो मागे. त्याच्या शाळेचं सांगितलं, अजून मागे. मला कळेना ह्याला कुठवर जायचंय. शेवटी त्याच्या बाळपणाशी येऊन पोचले. तुला माहीत नसेल, हा फार उशिरा बोलला. सगळी पोरं बडबडायला लागली तरी हा मुका. लोक म्हणायचे, हा बोलायचा नाही. मी त्याच्याहून थोडीच मोठी, पण ह्याची जीभ मीच होते. ह्याने माठाकडे नुसतं पाहिलं की मी ओरडायचे, "आई, त्याला पाणी हवंय." पाय चोळला की, "आई, त्याला उचल." एकदाही चुकले नाही. तेव्हा बटण नव्हतं, चित्र नव्हतं, काही नव्हतं गं. मोठी झाले, शाळेत बाई झाले, आणि त्याला पेला शिकवायला बसले. हे त्याच्यासमोर म्हणाले आणि मान खाली घातली.

मान वर केली तर लाल ठिपका पेटलेला. केव्हा दाबला होता देव जाणे.

लिफाफ्याचं लिहायचं राहिलं. पहिले कितीतरी दिवस त्याने त्याला बोटही लावलं नाही. तू वाट बघत असशील हे मला ठाऊक होतं. एकदा त्याचा हात धरायला माझा हात गेलाही, पण तुझी शपथ आठवली. काल सकाळी त्याला उठवून झालं होतं, तोंड धुऊन झालं होतं, पाणी पिऊन झालं होतं. त्याला कसलीच निकड नव्हती. मी स्वयंपाकघरात दुधापाशी उभी होते.

तेव्हा तुझ्या फोनवर घंटी वाजली असेल. त्या निरोपात माझी ती सगळी कहाणी आहे, आणि अगदी शेवटी खरखर आल्यासारखी वाटेल. तो बिघाड नाही, तो हसलाय. आणि निरोप मी पाठवलेला नाही.

तुझी आत्या